ओलाव्याची वाट
(यंत्र, माती आणि जिवंत रोप यांच्या कलेची प्रस्तावना)

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याच्या स्टार्च कारखान्यात मका भिजतो, दळला जातो आणि त्याचा पांढराशुभ्र स्टार्च वेगळा निघतो. कापडाची खळ, कागद, औषधाच्या गोळ्या अशा कितीतरी ठिकाणी तो जातो. याच स्टार्चची आधी साखर केली, ती जिवाणूंकडून आंबवून लॅक्टिक आम्ल मिळवले आणि त्याच्या रेणूंची साखळी बांधली, की पीएलए नावाचे प्लास्टिक तयार होते. शाळा-कॉलेजातल्या थ्रीडी प्रिंटरवर रिळात गुंडाळलेली जी फिलामेंट दिसते, ती बहुतेक वेळा पीएलएची असते. हे पुढचे काम दोंडाईच्यात होत नाही. पीएलएचा एक मोठा कारखाना अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या ब्लेअर गावी आहे, आणि तो तिथे असण्याचे कारणही मकाच. खानदेशातल्या शेतातले कणीस आणि प्रिंटरच्या तोंडातून उतरणारा धागा यांच्यात एवढ्या थोड्याच पायऱ्या आहेत, हे इथल्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही, म्हणून सुरुवात तिथून केली.

संगणकावर आकार काढायचा, तो थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर किंवा सीएनसी यंत्राकडून घडवून घ्यायचा, त्यात जिवंत रोप वाढवायचे, आणि हे सगळे कमी पाण्यात, कमी विजेत, कमी कचऱ्यात बसवायचे. अशा कलावस्तूंचे हे क्षेत्र आहे. त्यात शिल्पकार येतात तसे वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी येतात, आयटीआय झालेले फिटर येतात, आणि कुंभार तर हक्काने यावेत. कोणाचीही पात्रता अपुरी नाही, कारण या कामाचे पूर्ण शिक्षण कुठल्याच एका शाखेत मिळत नाही. ज्याला जे येते ते त्याने घेऊन यावे आणि उरलेले शेजाऱ्याकडून शिकावे.

माझे म्हणणे एकच आहे, आणि पुढचे सारे त्याच्याच आधाराने लिहिले आहे. नवखा माणूस या कामात आकारापासून सुरुवात करतो. पडद्यावर वळणावळणाचे भांडे फिरवून पाहतो, छापतो, आणि शेवटी विचारतो की यात कोणते झाड लावू. हा क्रम उलटा आहे. आधी ठरवावे ते पाणी. ते कुठून येईल, कशातून पाझरेल, मुळांना कसे भेटेल, जास्तीचे कुठून निघून जाईल. कला, यंत्र आणि वनस्पती यांची खरी गाठ पडते ती ओलाव्यात.

याचा सगळ्यात नेमका नमुना आपल्या देवघरात आहे. श्रद्धेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून नवरात्रातल्या घटाकडे एक रचना म्हणून पाहा. पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली माती पसरतात, तिच्यात गहू, ज्वारी, मका अशी धान्ये पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवतात. घटाला झिलई नसते. मंद आचेवर भाजलेल्या मातीत सूक्ष्म छिद्रे राहतात, त्यांतून पाणी झिरपते आणि भोवतीची माती ओली राहते. माती कोरडी पडली की ती घटातून जास्त पाणी ओढते, ओली असली की कमी. ना झडप, ना सेन्सर, तरी मागणीनुसार पुरवठा. नऊ दिवसांत रोपे वीतभर होतात, घरातल्या अंधुक उजेडामुळे पिवळसर राहतात, आणि दसऱ्याला ती टोपीत नि फेट्यात खोवली जातात. मग उरलेली माती, पत्रावळ, मुळे सगळे जिथून आले तिथे परत जाते. वस्तू केव्हा संपणार हेसुद्धा आधीच ठरलेले असते. डिझाइनच्या शाळेत याला जे काही नाव देतील ते देवोत, पण घडवलेले भांडे, स्वतःहून होणारे सिंचन, वाढणारे रोप आणि आखलेला शेवट या चारही गोष्टी एकत्र असलेली याहून नेटकी वस्तू मला माहीत नाही.

घटाच्या अगदी उलट टोकाला तुळशीवृंदावन. विटांचे किंवा दगडाचे, दिव्यासाठी कोनाडा असलेले, पिढ्यान्‌पिढ्या टिकावे म्हणून बांधलेले. त्यातली तुळस मात्र दर काही वर्षांनी वाळते आणि तिच्याच मंजिऱ्यांच्या बियांतून नवी उगवते. घटात वस्तू आणि रोप बरोबरच संपतात. वृंदावनात वस्तू राहते, रोप बदलते. मी कोणतीही जिवंत कलावस्तू पाहिली की आधी विचारतो, ही घटाच्या जातीची की वृंदावनाच्या? कलाकाराने हे ठरवलेले नसेल तर ती वस्तू बहुधा तिसऱ्याच रीतीने संपते. प्रदर्शनाच्या दुसऱ्या आठवड्यात रोप सुकते आणि कोणीतरी ते गुपचूप बदलते.

आधुनिक कलेतली उदाहरणेही या दोन जातींत पाहता येतात. छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन यांनी १९३६ साली न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आपण स्वतः संकरातून तयार केलेली डेल्फिनियमची फुले मांडली. ती खुडलेली होती, म्हणून प्रदर्शन आठवडाभरातच आटोपले. हान्स हाके यांनी १९६९ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रदर्शनात संग्रहालयाच्या आत मातीचा ढीग रचून त्यावर गवत उगवले. हा शुद्ध घट. ती कलाकृती पुन्हा दाखवायची तर ढीग पुन्हा रचावा लागतो, बी पुन्हा पेरावे लागते. जपून ठेवायची असते ती कृती. ॲग्नेस डेनिस यांनी १९८२ मध्ये मॅनहॅटनच्या टोकाला, भराव टाकलेल्या दोन एकर जागेवर गहू पेरला आणि कापला. आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. ज्या जमिनीची किंमत डॉलरमध्ये मोजली जाते तिथे गहू उभा राहणे, हे त्या शहराला दिलेले उत्तर होते.

यंत्र यात ठळकपणे आले ते नव्वदच्या दशकात. क्रिस्ता सॉमरर आणि लॉरां मिन्योनो यांच्या १९९२च्या कलाकृतीत खरी रोपे ठेवलेली होती. प्रेक्षक हात जवळ नेई तसा रोपाच्या विद्युत विभवात पडणारा फरक मोजला जाई आणि त्यावरून पडद्यावर आभासी वनस्पती वाढत. वनस्पतीचा विद्युत प्रतिसाद हा शब्दप्रयोग आला की आपल्याला जगदीशचंद्र बोस आठवले पाहिजेत. त्यांनी हे प्रतिसाद विसाव्या शतकाच्या आरंभीच मोजले होते, आणि पुढे रोपाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र कोलकात्यात देशी कारागिरांच्या मदतीने घडवले होते. या क्षेत्राची वंशावळ लिहिताना फक्त युरोप-अमेरिकेची नावे यावीत, हे मला मान्य नाही.

केन गोल्डबर्ग आणि जोसेफ सांतारोमाना यांची १९९५ची ‘टेलिगार्डन’ ही मात्र स्वतंत्र थांबून पाहण्याजोगी गोष्ट आहे. एका गोल वाफ्याच्या मधोमध कारखान्यातला यंत्रमानवी हात बसवला होता. इंटरनेटवरून कोणीही सभासद व्हावे, त्या हाताकडून बी पेरून घ्यावे, पाणी घालावे. पुढे १९९६ पासून २००४ पर्यंत ही बाग ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात होती. वाफा एक, पाणी घालणारे हजारो, आणि रोपांची दाटी. पाण्याची वाटणी कोणी करायची हा प्रश्न तिथे यंत्राने सुटला नाही, सभासदांच्या वागण्यावरच येऊन ठेपला.

आणि हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम-आरमवर फड पद्धतीचे बंधारे तीन-चारशे वर्षांपासून आहेत. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, पाणी केवळ उताराने जाणारे, आणि ते देणारा पाटकरी शेतकऱ्यांनीच नेमलेला. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे शेतकऱ्याने नव्हे, पाटकऱ्याने ठरवायचे. सार्वजनिक जागेतल्या जिवंत कलाकृतीची निगा कोणी आणि कशी राखायची, यावर जे लिहितात त्यांनी फडाचे नियम वाचावेत असे मला मनापासून वाटते. चौकात किंवा शाळेच्या व्हरांड्यात लावलेली हिरवी भिंत मरते, ती बहुधा तंत्राच्या दोषाने मरत नाही. तिला पाटकरी नसतो.

पाटातून नळीकडे येऊ. जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ठिबक सिंचन खानदेशाच्या केळीबागांत रुजवले, त्याला आता साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला. ड्रिपर उघडून कोणी पाहत नाही, पण एकदा कापून पाहा. आत नागमोडी, दातेरी वाट असते. पाणी त्या वळणांवर आपटत जाते, दाब खर्ची पडतो आणि बाहेर तासाला दोन किंवा चार लिटर एवढेच थेंबाथेंबाने पडते. निव्वळ आकाराच्या जोरावर पाण्याचा वेग ठरवणारी ही वस्तू आहे. थ्रीडी प्रिंटरला नेमके हेच येते. जी वाट साच्यातून काढता येत नाही, सुताराच्या पटाशीने कोरता येत नाही, ती तो भिंतीच्या जाडीत थर लावता लावता ठेवून जातो. म्हणजे सबंध शिल्पाचे अंगच ड्रिपर होऊ शकते. आणि शेतकऱ्याला जे ठाऊक आहे ते शिल्पकारालाही ठाऊक हवे: क्षारांमुळे ड्रिपर चोक होतो. विहिरीच्या जड पाण्यावर चालणारी नाजूक वाट एका उन्हाळ्यात बंद पडेल. वाट सुंदर आहे, पण साफ करता येते का, हे आरेखनातच ठरते.

आता मातीकडे. स्वस्त थ्रीडी प्रिंटरची कहाणी २००५ साली इंग्लंडमध्ये एड्रियन बोयर यांनी सुरू केलेल्या रेपरॅप या खुल्या प्रकल्पापासून सांगतात. २००९ मध्ये वितळत्या धाग्याने छापण्याच्या तंत्राचे मूळ पेटंट संपले आणि यंत्रे झपाट्याने आवाक्यात आली. त्याच सुमारास बेल्जियममधल्या अनफोल्ड या स्टुडिओने रेपरॅपवर प्लास्टिकऐवजी चिखल चालवला. इंग्लंडमधले कुंभार जोनाथन कीप यांनी माती छापणाऱ्या यंत्राचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. मातीचा प्रिंटर तत्त्वाने काही वेगळे करत नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करणे जगभरचे कुंभार करत आले आहेत. फरक एवढाच की वळी काही मिलिमीटरची होते, आणि आतल्या पोकळ्या, जाळ्या, दुहेरी भिंती हव्या तशा मिळतात. दुहेरी भिंतीत पाणी भरले की घटाचे तत्त्व उभ्या भिंतीला लागू होते. थरांच्या खाचा पुसून टाकू नयेत, मुळांना धरायला त्या बऱ्या पडतात.

रोनाल्ड रायल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेलो या जोडीने २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड येथे छापील फरशांची एक छोटी खोली बांधली. तिच्या दर्शनी भिंतीवरच्या फरशांना खोलगट खण आहेत आणि त्यांत मांसल पानांची रोपे वाढतात. लंडनमध्ये मार्कोस क्रूझ आणि त्यांचे सहकारी शेवाळ धरून ठेवणाऱ्या काँक्रीटवर काम करत आले आहेत. दोन्ही पाहण्यासारखी आहेत. पण लंडनचे शेवाळ दोंडाईच्याला आणू नये. इथे वर्षाचा पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत, आणि मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर. शेवाळाची भिंत पोळ्यापर्यंत हिरवी राहील, दिवाळीनंतर खरवडून काढावी लागेल. तिला बारमाही तुषार देणे म्हणजे टँकरच्या गावात कारंजे उभारणे.

इथे चालतील ती रोपे इथल्याच ओसाड कडेला आहेत. कोरफड, पानफुटी, घायपात. यांची पर्णरंध्रे दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी असतात. कार्बन डायऑक्साइड रात्रीच आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेडात वापरायचा, अशी त्यांची रीत. त्यामुळे पाणी फार थोडे उडते. पानफुटी तर पानाच्या कडेवरच नवी रोपे काढते, म्हणजे भिंतीला पुढची लागवड लागतच नाही. हंगामी कामासाठी बाजरी आणि मूग. घटाच्या जातीच्या वस्तूंना यांच्याइतके भरवशाचे दुसरे काही नाही.

काळी माती मात्र जशीच्या तशी छापता येत नाही. तिच्यातले माँटमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. उन्हाळ्यात शेताला पडतात तशाच भेगा भांड्याला पडतात. म्हणून कुंभार मातीत राख आणि लीद मिसळतो. भट्टीत लीद जळून जाते आणि मागे छिद्रे सोडते. म्हणजे ज्या सच्छिद्रतेवर आपले सारे काम उभे राहायचे आहे, ती किती ठेवायची याची चावी त्याच्या हातात आहे. प्रिंटरच्या तोंडातून जायचे तर मिश्रण जास्त बारीक चाळावे लागेल, लिदीऐवजी लाकडाचा भुसा किंवा पऱ्हाटीची पूड वापरून पाहता येईल. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणारी पऱ्हाटी इथे बहुधा जाळली जाते, किंवा चुलीत जाते. मुंबईच्या माटुंग्यातल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र कधीचेच विकसित केले आहे. कलावस्तूंसाठी ती अजून जवळपास अस्पर्श आहे.

टिकाऊपणाबद्दल बोलताना इथे अधिक कठोर व्हायला हवे. पीएलए मक्यापासून होते म्हणून ते मातीत विरघळते, असा समज सर्रास आहे. तसे होत नाही. त्याला साधारण ५८ अंशांचे, नियंत्रित ओलाव्याचे औद्योगिक खतकेंद्र लागते. उकिरड्यावर ते वर्षानुवर्षे पडून राहते. गंमत पाहा, जमिनीत न विरघळणारे हेच प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात पत्र्यावर किंवा बंद गाडीत ठेवलेले छापील भांडे वाकडे होते. म्हणून पीएलए साच्यासाठी वापरावे, नळीच्या जोडासाठी वापरावे. रोपाचे घर त्याचे करू नये. उलट साधा स्टार्च, पाणी, थोडे ग्लिसरीन आणि व्हिनेगर शिजवून केलेला पापुद्रा खरोखर मातीत जातो. तो आकसतो, पावसाळ्यात त्याला बुरशी येते, या त्याच्या खोडी आहेत. पण मुळे पसरेपर्यंत बी जागेवर धरून ठेवायचे आणि मग नाहीसे व्हायचे, एवढ्या कामाला हीच खोड उपयोगी पडते. दोंडाईच्यात या प्रयोगाला लागणारा माल गावातच तयार होतो, ही काही लहान गोष्ट नाही.

विजेबद्दलही तेच. साक्री तालुक्यात पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, आणि सौरऊर्जा स्वच्छ आहे हे खरेच. पण दोंडाईचा ज्यात येते त्या शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी झगडत राहिले, जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि त्यातच ते गेले. त्यांच्या शेतात आंब्याची झाडे होती, आणि मोबदला ठरवताना ती धरली गेली नाहीत ही त्यांची तक्रार होती. जिवंत झाडांविषयी कला करणाऱ्याने, आणि तीही या परिसरात, हे विसरून चालणार नाही. एखादी वस्तू हरित आहे असे म्हणण्याआधी तिच्या हिशेबात कोणाची झाडे धरली आणि कोणाची सोडली, हे विचारावे लागते.

साधने कुठे मिळतील, हा प्रश्न पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करत विज्ञान शिकावे म्हणून. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या नील गर्शनफेल्ड यांनी फॅब लॅबची कल्पना मांडली, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबांपैकी एक २००२ साली या पाबळलाच आली. मोठ्या शहराला सोडून दुष्काळी भागातल्या खेड्यात ती आली, कारण तिथे सोडवायला प्रश्न आणि सोडवणारे हात दोन्ही तयार होते. २०१६ नंतर अटल टिंकरिंग लॅबमुळे अनेक शाळांत थ्रीडी प्रिंटर पोचले. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांवर किचेन आणि नावाच्या पाट्या छापल्या जातात. ज्या शिक्षकांच्या कपाटात असा प्रिंटर आहे, त्यांना माझी विनंती आहे की पुढची वस्तू पाण्याची करावी. झिरपणारी, ठिबकणारी, काहीतरी उगवणारी.

मात्र प्रिंटर सुरू करण्याआधी थोडे मोजमाप करावे. कुंभाराकडून झिलई नसलेली दोन लहान मडकी आणावीत, शक्यतो वेगवेगळ्या भाजणीची. ती भिजवून, पाण्याने भरून, रोज ठरल्या वेळी तराजूवर ठेवावीत. वजन किती घटले त्यावरून चोवीस तासांत किती पाणी झिरपले आणि उडाले ते कळते. मग तेच मडके मातीत अर्धे पुरून भोवती मूग पेरावा आणि रोपे मडक्यापासून किती बोटांपर्यंत तगतात ते मोजावे. ही दोन मापे हातात आली की भिंत किती जाड, पोकळी किती मोठी, रोप किती अंतरावर, हे संगणकावर नुसत्या अंदाजाने ठरवावे लागत नाही. वही मराठीत ठेवावी, अहिराणीत ठेवली तरी उत्तम, आणि तिच्यात सुकलेल्या रोपांच्या तारखा उगवलेल्यांइतक्याच काळजीने लिहाव्यात. लंडन-ओकलंडच्या प्रयोगांत आपल्यासारखा मे महिना येत नाही. त्या महिन्याची माहिती दोंडाईचा, शिरपूर, अमळनेरच्या वह्यांतूनच यायची आहे.